कुलपाखालची ओळ

महापेला एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत
रक्त-लघवी तपासणारी जी लॅब आहे,
तिथल्या एकतीस कॉम्प्युटरांची कुलपं माझ्याकडे.
लोखंडाची नाहीत.
राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी, पडद्यावरची.
बाण जवळ नेला की एवढंच सांगतात:
'ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते.'

रात्रपाळीच्या द्वारका मढवींनी एकदा विचारलं,
'संस्था म्हणजे कोण हो?
मीपण संस्थेतच आहे ना, चौदा वर्षं?'

मी हसलो. म्हणालो, पॉलिसी असते.
आमच्या खात्यात हा शब्द
पोरांना बागुलबुवा दाखवतात तसा वापरतात.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, घणसोलीला आमच्या खाजणात
एका सकाळी पाटी उभी होती,
ही जागा सिडकोच्या मालकीची आहे.
वडील रोज जाऊन वाचायचे,
मग मागे जाऊन बघायचे,
कारण तिकडे लिहिलं असेल म्हणून.
मागून पत्रा कोरा.
'साडेबारा टक्के मिळाले पुढे.
कारण नाही मिळालं.'

त्या रात्री मी जुन्या नोंदी उघडल्या.
बाहेर ठाणे-बेलापूर रस्त्यावर टँकर,
पावण्याच्या बाजूने तो नेहमीचा
सडक्या अंड्यासारखा वास.

घड्याळ का बंद?
कुणीतरी ते चाळीस मिनिटं मागे नेलं होतं,
रिपोर्ट वेळेत गेला असं दिसावं म्हणून.
रबाळ्याच्या एका बाईचं रक्त
काढण्याआधीच तपासून झालं होतं.

पेनड्राइव्ह का चालत नाही?
कुणाच्या मेहुणीच्या हळदीचे फोटो,
फोटोंबरोबर आलेला बिनबोलावलेला पाहुणा,
आणि दोन दिवस हाताने लिहिलेले सहाशे रिपोर्ट.

पडद्याला झोपायची परवानगी का नाही?
फ्रीजरची बोंब त्याच पडद्यावर उठते.
तो झोपला तर उणे वीस कोण बघणार.

ही कुलपं बरोबर होती.
प्रत्येकामागे काहीतरी घडलं होतं,
आणि आम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मग आला अक्षरांचा आकार.
कुलूप होतं. कारणाचा रकाना रिकामा.
लावणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव,
नोकरीचा दुसरा आठवडा.
आधीच्या माणसाने हातात दिलेली यादी,
मी वरून खालपर्यंत सगळ्यावर टिक केली होती.
जेवायला उशीर होत होता.

नऊ वर्षं द्वारकाबाई
पडद्याला नाक लावून आकडे वाचत होत्या.
मला वाटायचं, सवय असेल.

उघडलं.
दोन सेकंद लागले.

पुढचा आठवडा मी ओळी लिहीत बसलो,
एका कुलपाखाली एक.
पॉलिसी हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.
घड्याळाखाली ती चाळीस मिनिटं लिहिली,
पेनड्राइव्हखाली हळद.
एका कुलपाचं कारण नोंदींतही नव्हतं
आणि ते उघडायची हिंमतही होईना.
तिथे लिहिलं,
'माहीत नाही. शोधतोय.
अडलं तर दोनशे चौदावर फोन करा.'

शुक्रवारी पहाटे पावणेचारला
दोनशे चौदा वाजला.

'वाचलं सगळं,' म्हणाल्या,
'खुर्चीला पाठ टेकून वाचलं.'
मागे मशीन घरघरत होतं.
'पण तुम्ही सगळीकडे कुलुप लिहिलंय.
लू दीर्घ असतो, साहेब.
मीच केलं असतं दुरुस्त,
पण त्या ओळीलाही कुलूप आहे.'

मी काही बोलणार, तेवढ्यात:

'का, ते लिहिलेलं नाही.'